लंडन-मुंबई-मालवण : मामाबरोबर कोकणात

आमचा मामा गेली कित्येक वर्षं लंडनला असतो. एका विमान कंपनीत फ्लाइट प्लॅनिंगला होता, म्हणजे आजचं विमान कुठल्या मार्गाने न्यायचं, किती उंचीवर, इंधन किती भरायचं हे जमिनीवर बसून ठरवणारी जी माणसं असतात त्यातला. आता रिटायर झालाय. फेब्रुवारीत तो आला आणि आम्ही मालवण, देवगड, वेंगुर्ला असा आठवडाभराचा फेरा केला. गावात ज्याच्या घरी जाऊ तिथे एकच प्रश्न, लंडन किती लांब आणि किती तास लागतात? आणि मामाने प्रत्येक वेळी न कंटाळता, समोरचा माणूस बघून वेगवेगळ्या पद्धतीने उत्तर दिलं. मला ते इतकं आवडलं की परत आल्यावर सगळं लिहून काढतोय.

शुक्रवार, मुंबई

मामाचं विमान हिथ्रोहून रात्री साडेनऊला निघालं आणि आपल्या दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना मुंबईत गेटला लागलं. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं पुढे असतात तेव्हा साडेचार), म्हणजे हिशोब केला तर पावणेनऊ तासांच्या थोडं वर. अंतर सरळ धरलं तर साधारण ७,२०० किलोमीटर.

टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. सीटसमोरच्या स्क्रीनचा. विमान काळ्या समुद्राच्या वर आणि वेग १,०८० किलोमीटर. मी म्हटलं एवढ्या वेगाने जातं का, तर म्हणाला विमान स्वतः ताशी नऊशेच्याच आसपास जातंय, वरचे पावणेदोनशे वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत त्याला सगळ्यात जास्त जोर असतो. पूर्वेकडे येताना तो पाठीवर घ्यायचा आणि पश्चिमेकडे जाताना त्याला चुकवायचं, त्याच्या नोकरीतलं अर्धं काम हेच. त्यामुळे लंडन-मुंबई आणि मुंबई-लंडन हे दोन वेगळे प्रवास धरायचे, म्हणाला. अंतर तेच पण वेळ एक नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. तिकिटावर जी वेळ असते ती उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसते, एका गेटवरून निघाल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, उतरताना वर घिरट्या घालणं आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे विमानं वर थांबवावी लागतात. मामाचं विमान समुद्रावर वीस मिनिटं फिरलं. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात, म्हणून कधी कधी विमान 'लवकर' पोचतं.

त्या दिवशी ठाण्याला मुक्काम. मामा दुपारभर झोपला.

शनिवार, ठाणे ते मालवण

पहाटे ठाण्याहून वंदे भारत. खेड, रत्नागिरी आणि मग कणकवली, अकराच्या सुमारास उतरलो. तिकीट आधी काढून ठेवलेलं त्यामुळे त्रास काही नाही. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, तेव्हा हाच प्रवास बराच लांबतो. आणि मे महिना, गणपती, होळी यांची तिकिटं बुकिंग उघडतं त्या दिवशीच काढायची, दुसरा इलाज नाही.

मामा खिडकीला नाक लावून होता. तो लंडनला गेला तेव्हा ही रेल्वे नव्हती, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात गाडी शिरली तेव्हा त्याने घड्याळ लावलं, आणि पुढे पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, खाली बघितलं की पोटात गोळा येतो. शेजारी एक आजी होत्या, सावंतवाडीकडच्या, थिवीला लेकीकडे चाललेल्या. त्या सांगत होत्या की लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोट. बोट लांब समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, लाटेवर पडाव वर आला की खलाशी हात धरून वर ओढायचा आणि तेवढ्यात जो घाबरला तो राहिला. पावसाळ्यात तर बोट बंदच, म्हणजे जूनमध्ये मुंबईला असलेला माणूस नारळी पौर्णिमेनंतरच दिसायचा. "तेव्हा मुंबई आत्ताच्या लंडनपेक्षा लांब होती," असं त्या म्हणाल्या आणि मामा म्हणाला बरोबर आहे तुमचं, अगदी हिशोबाने बरोबर आहे.

कणकवलीहून कसालमार्गे मालवण, गाडीने तासाभराचं. घरी पोचलो तेव्हा एक वाजलेला. म्हणजे बघा, लंडन ते मुंबई नऊ तास, आणि मुंबईच्या विमानतळावरून मालवणच्या घरात पाय ठेवेपर्यंत पंचवीस तास! सरळ रेषेत हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे.

जेवायला बांगड्याचं तिखलं, भरपूर तिरफळं घालून, भात आणि सोलकढी. मामा बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता जेवत होता.

रविवार, दांडी किनारा

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

सकाळी सहाला दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. फेब्रुवारीत मालवणला पहाटे चक्क गार वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, त्याला मतलई वारा म्हणतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. वीस-पंचवीस माणसं दोन्ही टोकांनी दोर ओढत हळूहळू एकमेकांच्या जवळ येत होती, बायका टोपल्या घेऊन उभ्या, वर घारी. आम्हीही दोर धरला, कुणी नको म्हटलं नाही. जाळ्यात पेडवे हे छोटे मासे आणि थोडे बांगडे. रापणकरांनी वाटे केले, आणि दोर ओढला म्हणून आम्हालाही मूठभर पेडवे दिले. तुम्ही गेलात तर जरूर दोर धरा, पण मासे वाटताना मधे मधे फोटो काढू नका, त्यांच्या कामाची वेळ असते ती.

तिथे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, बसले होते, जाळं शिवत. मामाने लंडनहून आलोय म्हटल्यावर त्यांनी सुई थांबवली आणि नेहमीचा प्रश्न, "किती येळ लागता थंयसून?"

मामा म्हणाला, येताना नऊ तास, जाताना दहा-अकरा.

तांडेल लगेच म्हणाले, "म्हंजे वारो आसा वर."

मामा उडालाच. म्हणाला इतकी वर्षं मी लोकांना हे समजावतोय, शिकलेल्या माणसांना पटत नाही, आणि यांनी एका वाक्यात ओळखलं. पण त्यात नवल नाही, कारण तांडेल आयुष्यभर तेच करत आलेत. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर परत यायचं. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून आत येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलटा जातो. त्यांना मी विचारलं मालवणहून निवती किती लांब, तर उत्तर, "वारो गावलो तर दोन तास, नाय गावलो तर आख्खो दिस." किलोमीटर त्यांनी सांगितलेच नाहीत.

मग दोघांचं जे काही जमलं! तांडेलांच्या मुलाच्या ट्रॉलरवर जीपीएस आहे, मुलगा तिथेच होता. मामाने त्याला विचारलं मालवणचा आकडा काय, त्याने सांगितलं १६ अंश ३ मिनिटं. मुंबईचं अपोलो बंदर साधारण १८ अंश ५५ मिनिटं. मामाने वाळूत काडीने वजाबाकी केली, २ अंश ५२ मिनिटं, म्हणजे १७२ मिनिटं, म्हणजे १७२ नॉटिकल मैल. कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेच एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. मालवण आणि मुंबई जवळपास एकाच उभ्या रेषेवर असल्यामुळे हा हिशोब इतका सोपा होतो. ट्रॉलर आठ नॉटने, म्हणजे तासाला आठ नॉटिकल मैल, गेला तर साडेएकवीस तास, आणि तांडेलांचा मुलगा म्हणाला हो, एवढाच वेळ लागतो. मग मामाने सांगितलं की विमानातसुद्धा हेच माप चालतं, नॉट आणि नॉटिकल मैल, पायलट किलोमीटर बोलत नाहीत. विमानाचा वेग पावणेपाचशे ते पाचशे नॉट. म्हणजे ट्रॉलरच्या साठपट. तांडेल बराच वेळ मान हलवत होते. मला आजही तो वाळूतला हिशोब डोळ्यासमोर दिसतो, १७२ च्या खाली मामाने दोन रेघा मारलेल्या.

संध्याकाळी घरी माझ्या भाच्याने विचारलं की विमान सरळ का येत नाही, फोनवर रेघ वाकडी दिसते. मामाने त्याचाच फुटबॉल घेतला, हवा भरायच्या भोकाला उत्तर ध्रुव मानलं, पेनाने लंडन आणि मुंबई मांडली आणि गरीचा तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, दोन्ही टिंबांवर ताणून धरला. ताणलेला तंगूस आपोआप वरच्या अंगाने जातो. जर्मनी, युक्रेन, काळा समुद्र, जॉर्जिया. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ तुर्कस्तान, सीरिया, इराकवरून जाते आणि ती सरळ वाटते, पण खरी जवळची वाट तंगूसवाली. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, म्हणून ती फोनवर वाकडी दिसते. भाचा मग न्यूयॉर्क, टोकियो, सिडनी, सगळीकडे तंगूस ताणत बसला, जेवायला उठेना.

पण तंगूसची वाट मिळतेच असं नाही. २०२२च्या फेब्रुवारीपासून युक्रेनवरून प्रवासी विमानं जात नाहीत, त्यामुळे मामाचं विमान खालच्या बाजूने वळसा घालून आलं. आणि २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय, त्यांना अरबी समुद्रावरून फिरून जावं लागतं. म्हणून तिकीट काढताना जुनी माहिती वाचून नऊ तास धरू नका, कंपनीप्रमाणे वेळ बदलते, ज्या तारखेला जायचंय त्याच तारखेची वेळ बघा.

सोमवार, सिंधुदुर्ग

मालवण जेटीवरून होडीने किल्ल्यात. दहा-पंधरा मिनिटं. सकाळी लवकर जा, दुपारनंतर खारा वारा सुटला की होडी चांगलीच हलते, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. १६६४ला महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला. शिवराजेश्वराचं देऊळ, आणि तटातल्या घुमटीतले हाताचे पायाचे ठसे बघून मामा गप्प झाला होता. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कितीही वेळा बघितलं तरी मला नवल वाटतं.

परत येताना बाजारातून खाजा घेतला. आल्याचा वास असलेला, गुळाचा. लंडनला न्यायला म्हणून घेतलेला अर्धा रात्रीच संपला.

मंगळवार, देवगड

मावसभावाची हापूसची कलमं आहेत तिकडे. मोहोर छान आलेला, काही झाडांवर वाटाण्याएवढी कैरी धरलेली. पण सकाळी अचानक दाट धुकं उतरलं, दहा फुटांवरचं दिसेना. आम्हाला मजा वाटली पण भावाचा चेहरा उतरला, कारण असं दमट ढगाळ राहिलं की मोहोरावर तुडतुडे वाढतात आणि फवारणीचा खर्च. नऊला ऊन पडलं तेव्हा कुठे तो हसला.

चहाबरोबर पुन्हा अंतराचाच विषय, कारण आंब्याला तर तास मोजूनच जावं लागतं. तयार व्हायला लागलेला हापूस थांबत नाही, म्हणून लंडनची पेटी विमानाने जाते. भावाने सगळी साखळी सांगितली. झाडावरून देठासकट काढायचा, प्रतवारी करायची, पॅकहाउसला पाठवायचा, युरोपसाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा म्हणजे फळमाशीचा प्रश्न राहत नाही, मग तपासणी, मग विमान. २०१४च्या मे महिन्यात फळमाशीमुळेच युरोपने आपला आंबा बंद केला होता, २०१५मध्ये बंदी उठली. विमानातले नऊ-दहा तास या सगळ्यात अगदी छोटे. बागेतून मुंबईला पेटी कधी पोचते यावरच लंडनच्या दुकानातला आंबा कसा असेल ते ठरतं, आणि भाऊ म्हणाला माझी सगळी काळजी हायवेवरच असते, आकाशात काही नसते.

दुपारी मावशीने शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, केले. गरम गरम साच्यातून पडणारे आणि वर नारळाचा गूळ-वेलची घातलेला रस. ही गोष्ट हॉटेलात फार कमी मिळते, कुणाच्या घरी बोलावणं आलं तर सोडू नका.

बुधवार, वेंगुर्ला

किनाऱ्याकिनाऱ्याने खाली आलो. वेंगुर्ल्याला बंदरावरच्या दीपगृहाच्या टेकडीवर संध्याकाळी बसलो, खाली होड्या, लांब समुद्रात खडकांचा ठिपका. १७व्या शतकात इथे डचांची वखार होती, त्यांची गलबतं आफ्रिकेला वळसा घालून यायची. मामा सांगत होता की लंडन ते मुंबई समुद्राने आफ्रिकेवरून साधारण २०,००० किलोमीटर होतं, १८६९ला सुएझ कालवा उघडला आणि ते साडेअकरा-बारा हजारांवर आलं. शहरं होती तिथेच, अंतर मात्र चाळीस टक्के कमी झालं. दांडीवरच्या त्या ट्रॉलरने आठ नॉटने सुएझवरून निघालं तर रात्रंदिवस चालून महिनाभर लागेल.

मग एअर इंडियाचं पहिलं लंडन विमान, ८ जून १९४८. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन, मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडन, पोचेपर्यंत १० जून उजाडला होता. मामाला या विमानाबद्दल बोलताना भरून येत होतं. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा मुंबईत गिरणीत होते आणि पेपरातलं त्याचं चित्र कापून त्यांनी ट्रंकेत ठेवलेलं, मामाने लहानपणी ते बघितलेलं. त्या कात्रणामुळेच मी या लाइनीत गेलो, असं तो म्हणाला. हे मला आजवर माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं.

रात्री एका घरगुती खानावळीत सुरमई आणि घावणे. मालकीणबाईंनी विचारलं लंडन किती लांब, आणि मामा म्हणाला, आजकाल एका रात्रीचं.

शुक्रवार, परत

गुरुवारी मालवणला आराम आणि आवराआवर. शुक्रवारी पहाटे पाचला मामा निघाला, गोव्यातल्या मोपा विमानतळावर. दक्षिण सिंधुदुर्गातल्या माणसाला मोपा सोयीचं आहे, सावंतवाडीपासून तर फारच जवळ, मालवणहून दोन तास धरा. चिपीचं विमानतळ घराजवळचं, ऑक्टोबर २०२१ला सुरू झालं, पण तिथली विमानं आणि वार बदलत राहतात, म्हणून आधी तेच बघा, मिळालं तर उत्तम, नाहीतर मोपा.

साडेआठला मोपाहून उडून पावणेदहाला मुंबई, पुढचं विमान दुपारी साडेचारला. येताना ब्रिटिश कंपनीचं होतं, जाताना मुद्दाम भारतीय कंपनीचं घेतलं, त्याला दोन्ही मार्ग बघायचे होते. अरबी समुद्रावरून वळसा आणि वर समोरून वारा. रात्री मेसेज आला, दहा तास चाळीस मिनिटं. स्क्रीनचा फोटोही होता, वेग ७९०. येतानाच्या फोटोशेजारी ठेवून मी तो तांडेलांच्या मुलाला पाठवला, त्याने सांगितलं की आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दोन्ही आकडे विचारून घेतले.

मालवणच्या दारातून लंडनच्या दारापर्यंत पावणेचोवीस तास झाले, त्यातले दोन्ही विमानं धरून बारा तासांच्या आतच. बाकीचे गाडी, रांगा आणि थांबणं. त्यामुळे कोकणातून परदेशी जाणाऱ्यांना मामाचं सांगणं असं की मोपा-मुंबई आणि मुंबईच्या पुढचं ही दोन वेगळी तिकिटं असतील तर मधे निदान सहा तास ठेवा, कारण पहिलं विमान चुकलं किंवा उशिरा आलं तर पुढची कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही असतील तर तीन-चार तास पुरतात, सामानही थेट जातं. आणि रेल्वेने मुंबईला जाणार असाल तर आदल्या दिवशीच जा, ठाण्या-दादरला कुणाकडे तरी मुक्काम करा.